दुपारी घरी कोण?

१

कंप्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा मधुकर सरांचा दंडक होता. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा. खाली पुठ्ठ्याचे खोके बनत, वर पाण्याची टाकी गळत असे. गाळ्यात एक काचेची खोली, खोलीत एसी आणि एसीखाली तो कंप्युटर. माणसं घामाने निथळली तरी चालतील, पण यंत्राला धूळ लागता कामा नये. सर दर सोमवारी त्याला झेंडूचा हार घालत. पाकळ्या कीबोर्डात जातात, अशी अनुपमाने एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "अगं, एक वेळ देवाचा कोप परवडेल. हा बिघडला तर दुरुस्तीवाला बंगलोरहून येतो."

ही अनुपमा भीमराज साळवे. वय बावीस, बी.कॉम., वर सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहायची आणि सत्त्याऐंशी सालच्या त्या गाळ्यात प्रोग्रामर म्हणवून घ्यायची. हाताखाली होती फक्त नलिनी. ती कणकवलीकडची. फॉर्म बघून भराभर आकडे-अक्षरं टाइप करायची, आणि यंत्राला मनातून भूत समजायची.

काम साबणाच्या एका कंपनीचं. मुलींनी दारोदार फिरून चार हजार एकशे सोळा घरांचे फॉर्म भरून आणले होते. विभाग कुठला, साबण कोणता, माणसं किती, दुपारी घरी कोण असतं, आणि शेवटी शेऱ्याची एक ओळ. नमुन्याच्या वड्या घेऊन पुन्हा कोणत्या दारात जायचं, त्याची यादी यंत्राने काढायची. त्यासाठी अनुपमाच्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती. तिला ती 'प्रश्न' म्हणे. त्या ओळीत अवतरणचिन्हांमध्ये अट लिहायची, की यंत्र सगळी घरं चाळून अटीत बसणारी तेवढीच उचलून छापायचं. बाकीचा प्रोग्राम म्हणजे नुसती हमाली. सगळा जीव त्या एका ओळीत.

त्या ओळीवर तिचा लोभ होता, आणि त्याला कारणही होतं. तिच्या बापाला जन्मभर लोकांनी प्रश्न विचारले होते. गाव कुठलं? आडनाव काय? साळवे, म्हणजे तुम्ही नक्की कोण? आता त्याच बापाची लेक चार हजार घरांना प्रश्न घालत होती, आणि घरं मुकाट उत्तरं देत होती. सोमवारी तिने लिहिलं: विभाग घाटकोपर, आणि वडीचा साबण. चारशे बारा नावं आली. यादी तिने दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवली. कंपनीचा माणूस येऊन उचलून नेईल, असा तिचा समज होता.

२

मंगळवारी सकाळी प्रोग्राम चालवला, तर अठ्ठ्याऐंशीच नावं.

अनुपमाने ओळ उघडून पाहिली. तिच्या दोन अटींपुढे तिसरी बसली होती: आणि दुपारी घरी एकच माणूस.

"नलिनी, तू हात लावलास प्रोग्रामला?"

"माका इचारतंस?" नलिनीने कपाळावर हात मारला. "मी ह्या मशीनीक फडक्यान पुसूक पण भितंय, गे!"

ते खरंच होतं. मग राहिले सर. पण सरांना यंत्र चालू कसं करतात हेही धड येत नव्हतं, ते नुसतं पाहुण्यांना दाखवत. अनुपमाने स्वतःवरच शंका घेतली. काल डोकं दुखत होतं, लिहिली असेल आपणच. अट तशी शहाणपणाचीच होती. दुपारी एकटी बाई घरात असेल तर ती विक्रेतीशी दोन शब्द बोलते. कोणालाही सुचावी अशीच अट. मग यादी छापून तिने ट्रेमध्ये ठेवली. कालची यादी कोणीतरी नेली होती.

जेवायला निघाल्या तेव्हा नलिनी दारात थबकली.

"कोणाची गे ही चप्पल? माझी नाय."

दाराबाहेर तीन जोड होते. नलिनीचे, अनुपमाचे, आणि एक तपकिरी, बायकी, अंगठ्याजवळ शिवलेला. आत तर त्या दोघीच होत्या. खालच्या कारखान्यातली कोणी संडासला आली असेल, असं अनुपमा म्हणाली. संडास दुसऱ्या टोकाला होता, आणि तिकडे कोणी चपला काढून जात नाही. हे तिला जिन्यातच आठवलं, पण ती बोलली नाही.

३

मंगळवारी संध्याकाळी तिने प्रोग्रामची फ्लॉपी पर्समध्ये घातली, यंत्रातली प्रत पुसली आणि फ्लॉपीच्या खाचेवर कागदी पट्टी चिकटवली. ही पट्टी लावली की त्यावर काही लिहिता येत नाही. पर्स उशाशी घेऊन झोपली. करा काय करायचं ते, असं अंधारात उगाचच कोणाला तरी म्हणालीसुद्धा.

बुधवारी पट्टी तशीच होती. ओळीत चौथी अट होती: आणि शेऱ्यात 'पाणी दिलं'.

नऊ नावं.

आता ही अट कोणत्याही कंपनीला नको होती. उन्हातान्हात फिरणाऱ्या मुलींनी शेऱ्याच्या ओळीत मनाला येईल ते लिहिलं होतं. 'कुत्रा आहे.' 'बाई खडूस.' 'पाणी दिलं.' साबण खपवायला त्याचा काय उपयोग? अनोळखी बाईसाठी कोण उठून पेला भरतं, हे कोणाला कशाला हवं असेल?

ती तडक सरांच्या टेबलापाशी गेली. "सर, आज नऊच नावं आली. कंपनीतून कोण येतं याद्या न्यायला?"

"कोणी नाही अजून. त्यांच्या विक्रेत्या एक तारखेनंतर निघणार. याद्या साठवून ठेव म्हणालो होतो ना तुला?"

"मग ट्रेमधनं नेतं कोण?"

"असेल झाडूवाली. यार अनुपमा, डोक्याला ताप देऊ नको. चारशे घरं मागितली त्यांनी, नऊ कशी चालतील? प्रश्न नीट कर तुझा."

प्रश्न नीट कर तुझा! तिला भीतीपेक्षा राग आधी आला. तिने नवी अट पुसली, यंत्र पुन्हा चालवलं. ओळ उघडली तर अट जागच्या जागी. चार वेळा पुसली, चार वेळा आली. पाचव्यांदा तिने हात आवरला, कारण यंत्राच्या घरघरीखाली दुसरा एक आवाज आहे असं वाटलं. पेन्सिल कागदावर फिरवताना होतो तसा. तो दारापलीकडून येत होता. नलिनी तर तिच्या शेजारीच बसली होती.

दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. ट्रे रिकामा होता. तिसरा जोड आता अनुपमाच्या चपलांना खेटून होता.

४

गुरुवारी दोन नावं. पाचवी अट फक्त एवढीच होती: आणि असल्फ्याची टेकडी.

शकुंतला जगताप, खोली सात. राधा भीमराज साळवे, खोली अकरा.

पहिली म्हणजे शकुमावशी. अनुपमाला हिने कडेवर घेऊन वाढवलं होतं. दुसरी तिची आई. आईचा फॉर्म अनुपमानेच हौसेने टाइप केला होता. 'दुपारी घरी: राधा. शेरा: पाणी दिलं, बसायला सांगितलं.'

इथे अनुपमाचं चुकलं, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. आपण शिकलेल्या आहोत, या एका विचारापायी ती दिवसभर खुर्चीत बसून राहिली. यंत्रात बिघाड आहे, फ्लॉपी खराब आहे, बाकी काही नाही. घाबरून घरी पळालो तर नलिनीत आणि आपल्यात फरक काय? त्या हट्टापोटी तिने ती दोन नावांची यादी स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये ठेवली. बघू तर, कोण नेतं. तीन वाजता पाहिलं तेव्हा यादी गेली होती, आणि तो तिसरा जोडही.

सहा वाजता ती टेकडी चढली. पोरं पतंगाच्या मागे धावत होती, नळावर हंडे वाजत होते. शकुमावशी दारातच उभी होती. मागे स्टोव्हवर भात करपत होता.

"मावशी, भात लागला!" अनुपमा ओरडली. "आत कोण आहे? बघा की जरा."

शकुमावशीने तिच्याकडे पाहिलं. चेहरा नेहमीचा, कुंकू नेहमीचं. आवाजही नेहमीचाच, अगदी गोड.

"घरात कोणी नाही," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही आहात ना!"

"कोणी नाही घरात. नंतर या."

उंबऱ्यापाशी रिकामा पेला पडला होता. बाहेरच्या मातीत चपलांचा ठसा उमटला होता, आणि त्यात अंगठ्याजवळ शिवण.

त्या संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले, मावशीचा मुलगा कामावरून धावत आला. नाव विचारलं की मावशी हसायची आणि तेच सांगायची. मेंदूचं काहीतरी आहे, असं डॉक्टर म्हणाले. अनुपमाने आईला धरून खोलीत आणलं.

"आई, उद्या दुपारी दार लावून घे. कोणी आलं तरी उघडायचं नाही, पाणी द्यायचं नाही. माझी शपथ आहे."

राधाबाई भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "पानी न्हाई द्यायचं? माझ्या आईला गावात लांबून वतायचे, वंजळीत. भांड्याला भांडं लागू द्यायचे न्हाईत. तवा मी ठरवलं, माझ्या दारात आल्यालं कोरडं जायचं न्हाई. त्ये आता तुझ्या मशिनीला भिऊन सोडू व्हय?"

"आई, शकुमावशीला बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणून मी मानुसकी सोडू? जमायचं न्हाई."

अनुपमाला आईचा राग आला आणि अभिमानही वाटला. ही बाई दार लावणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं. म्हणजे जे काही करायचं ते त्या ओळीतच करायला हवं होतं.

५

शुक्रवारी ती आठलाच गाळ्यावर पोचली. शकुमावशीची नोंद उघडली. 'दुपारी घरी' या रकान्यात नाव होतं तिथे आता 'कोणी नाही' असं होतं. आणि प्रश्नाला उत्तर एकच येत होतं. राधा भीमराज साळवे, खोली अकरा.

तिने कागद फाडला. प्रिंटर करकरला आणि दुसरा बाहेर आला. तोही फाडला, तिसरा आला. यंत्र बंद करावं, पण किती दिवस? सोमवारी सर हार घालतील आणि चालू करायला लावतील.

मग तिने प्रश्नच काढून टाकला. सगळ्या अटी पुसल्या, अवतरणचिन्हांमध्ये काहीच ठेवलं नाही. विचारणंच बंद केलं तर उत्तर कुठून येणार, असं कोणालाही वाटेल. पण या धंद्यात नवखा माणूस हटकून इथेच आपटतो, आणि घाबरलेला माणूस नवख्यासारखाच वागतो. अटच नसली की यंत्राला सगळेच पसंत. प्रिंटर सुटला. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर, घरामागून घर, चार हजार एकशे सोळा. कागदाची घडी उलगडत दाराकडे सरकत निघाली. दाराखालच्या फटीतून तिचं टोक कोणीतरी हळूच बाहेर ओढलं.

अनुपमाने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी कागद मागे खेचला. पलीकडून ओढ होती. जोराची नव्हती, पण सोडतही नव्हती. शेवटी कागद टरकन फाटला. बाहेर गेला तो तुकडा कोरा होता, हे नंतर उरलेली पानं जुळवताना तिच्या लक्षात आलं. तेव्हा मात्र ती फाटलेलं टोक मुठीत धरून फरशीवर अनवाणी बसली होती.

मग तिने उलटं करून पाहिलं. कोणीच बसणार नाही अशी अट घातली. उत्तर शून्य आलं, कागद कोरा. तो ट्रेमध्ये ठेवून ती वळली, तोवर पडद्यावर पुन्हा आईचं नाव आलं होतं.

म्हणजे रिकामं त्याला चालत नव्हतं. कोणीतरी हवंच होतं.

"असं आहे काय!" अनुपमा मोठ्याने म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं थंड झालं. "ओळ माझी आहे. कोणाला विचारायचं ते मी ठरवणार."

६

नलिनी आली तेव्हा तिने तिला खोलीत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. "नलिनी, माझ्या आईकडे जा. संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बस. का ते विचारू नको."

नलिनीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग परत आलेल्या त्या तिसऱ्या जोडाकडे. "जातंय," म्हणाली, आणि गेली. भूत मानणाऱ्या माणसांना समजावत बसावं लागत नाही, हा एक फायदा असतो.

अनुपमाने फाइलीत नवं घर घातलं, चार हजार एकशे सतरावं. विभाग अंधेरी. खोली: कंप्युटरची. दुपारी घरी: अनुपमा भीमराज साळवे. शेऱ्याची जागा आली तेव्हा ती थोडं थांबली, आणि मग लिहिलं: 'पाणी देणार नाही.' त्यानंतर प्रश्नाच्या ओळीतलं सगळं पुसून अवतरणचिन्हांमध्ये एकच अट घातली. स्वतःचं नाव.

आईचं नाव परत येईल म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. आलं नाही. ओळ तशीच राहिली. यंत्राने उत्तर दिलं: एक.

यादी ट्रेमध्ये ठेवून ती दाराकडे तोंड करून बसली. सर बाहेरगावी गेले होते. खालचा कारखाना नेहमीसारखा खडखडत होता. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर भेळवाला घंटी वाजवत होता. पावणेतीनला एसीचा आवाज आपोआप मंद झाला. तीनला पेन्सिलीचा आवाज आला.

दाराच्या दुधी काचेवर बाहेरून कागद टेकला. उजेड मागून येत होता, त्यामुळे उलटी अक्षरं दिसत होती. तिचंच नाव. कागद कोणीतरी धरला होता, पण धरायला बोटं लागतात, आणि ती काही दिसत नव्हती.

"नमस्कार बाई," आवाज म्हणाला. शिकवून तयार केलेला, विक्रेतीचा, हसरा. "दोन मिनिटं घेऊ का? दुपारी घरी कोण असतं?"

उत्तर अनुपमाच्या जिभेवर आलंच होतं. कोणी नाही. किती सोपं होतं ते! ते म्हटलं की कोणाला काही सांगायला नको. गाव सांगायला नको, आडनाव सांगून समोरच्याचे डोळे बदलताना बघायला नको. शकुमावशी का हसत होती ते तिला कळलं. आयुष्यभराचा शीण एका उत्तरात उतरत होता.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी असते," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली. "मी! अनुपमा भीमराज साळवे. राहणार असल्फा, घाटकोपर. लिहून घे."

पेन्सिल थांबली.

"पाणी मिळेल का, बाई?"

"माझ्या आईच्या दारात कोणीही यावं, पाणी मिळतं. पण आलेल्याला ती नाव विचारते. तुझं नाव सांग, मग देते."

काचेवरचा कागद थरथरला. त्याच्या कडेपाशी काहीतरी वाकून काचेला टेकलं. तोंड असावं. पण तोंड टेकलं की काचेवर वाफ धरते, आणि ती काच कोरडीच राहिली. नाव सांगायचा प्रयत्न चालला होता बहुतेक. ओठांसारखं काहीतरी उघडत मिटत होतं, आणि आवाज काही निघत नव्हता.

"नाही ना येत?" अनुपमा म्हणाली. "मग उद्या ये. मी इथेच आहे."

कागद काचेवरून खाली घसरला.

७

संध्याकाळी अनुपमा टेकडी चढली तेव्हा नलिनी कुरकुरत होती, "तुज्या आवशीन तीन वेळा चाय पाजली माका, वर भाकरी." राधाबाई दारात उभी होती. अनुपमाने खालूनच ओरडून विचारलं, "घरात कोण आहे गं?" आणि राधाबाई खेकसली, "मी हाय की! डोळं फुटलं का तुझं?" अशी गोड शिवी अनुपमाने जन्मात ऐकली नव्हती. तिथेच पायरीवर बसून ती रडली.

पुढे साबणाचं काम संपलं, दुसरी कामं आली. त्यांचे प्रोग्राम वेगळे, प्रश्न वेगळे. ती जुनी फ्लॉपी मात्र अनुपमा रोज सकाळी चालवते. ओळ रिकामी सोडायची नसते. एका नावाची यादी छापते, ट्रेमध्ये ठेवते आणि तीन वाजता दाराकडे तोंड करून बसते. सर हसतात. चांगल्या पोरीला खूळ लागलं म्हणतात. ती रजा घेत नाही. दिवाळीलाही किल्ली मागून नेते. बघायला आलेल्या एका स्थळाला तिने आधीच सांगितलं, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, आणि दुपारी तीनला तर नाहीच नाही. स्थळ परत आलं नाही.

शकुमावशीच्या दारात ती रोज थांबते. "घरात कोण आहे मावशी?" विचारते. उत्तर तेच येतं. "आहात हो तुम्ही. शकुंतला जगताप," असं सांगून ती पुढे जाते. उद्या पुन्हा सांगेल.

परवा तीन वाजता एक गोष्ट घडली. आवाजाने नेहमीचं विचारलं, आणि ती म्हणाली, "मी असते. अनुपमा..." आणि पुढे काही आठवेना. बापाचं नाव. ज्या बापाने रात्रशाळेत अक्षर गिरवलं आणि लेकीला पाटीवर सगळ्यात आधी पूर्ण नाव लिहायला शिकवलं, त्याचंच नाव जागेवर नव्हतं. बाहेर पेन्सिल थांबली होती. फार आतुरतेने थांबली होती. मग आठवलं. पण मधला क्षण लांबला होता, आणि तो दोघांनीही मोजला होता.

दुसऱ्या दिवशी तिने एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं आणि हार घालायच्या जागी, पडद्याच्या माथ्यावर चिकटवलं. सरांनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "राहू द्या."

तीन वाजले. एसी मंदावला. बाहेर चार जोड चपला होत्या. आता त्यातले दोन अनोळखी होते.

"नमस्कार बाई. दुपारी घरी कोण असतं?"

अनुपमाने पुठ्ठ्याकडे पाहिलं. आठवण जाते तर जाऊ दे. तिला वाचता येत होतं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, रात्रशाळेत वाचतात तसं, तिने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.